परदेशातल्या व्हिडिओंत दिसते तशी नदीत उतरून एकट्याने बास माशाची मासेमारी नाशिकजवळ करता येईल का? काठी कोणती घ्यावी?

येईल, पण बास मिळणार नाही. तो उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या नद्यांत त्या जागेवर मरळ आहे आणि मला विचाराल तर तीच सरस. पाणवेलीच्या कडेला दबा धरून बसते, वरून बेडूक सरकला की धडक मारते. हवेतून श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून वर येतेच. गप्प उभं राहिलात की तिचा ठिकाणा कळतो.

मागे मृग लागला होता, पाऊस अजून यायचा होता. उजाडता उजाडता मी एकटाच दारणा नदीत उतरलो, गोदावरीच्या संगमाच्या बराच वर. पाणी मांडीपर्यंत, खाली शेवाळलेला कातळ. पाय न उचलता घासत सरकायचं आणि आधी पाऊल टेकवून मग भार द्यायचा. गळाला लावलेला रबरी बेडूक वेलीच्या कडेने ओढत होतो, तेवढ्यात पुढ्यात पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागलं. लालसर पिल्लांचा घोळका, श्वासासाठी वर आलेला. खाली आई-बाप असणारच, दोघंही राखण करतात. बेडूक वरून नेला असता तर हमखास मासा लागला असता. पिल्लांवरची मरळ भुकेने झडप घालत नाही, पिल्लांना वाचवायला घालते. मी तंगूस (गळाची दोरी) गुंडाळली आणि वळसा घालून वर गेलो. तासाभराने बाभळीखालच्या डोहात दुसरी लागली, ती घरी नेली, रस्सा केला.

जेवताना दाजी म्हणाले, "पिल्लांवरची सोडून आलास? पुढचा नेईलच की." हा वाद आमच्यात फार जुना आहे. अहो, राखण करणारी ओढून काढली की तो अख्खा घोळका चिलापी आणि पाणकावळे फस्त करतात. मग हेच दाजी म्हणतात, दारणेत आता पूर्वीसारखी मरळ राहिली नाही! बासचा नरही घरट्यावर असाच पहारा देतो, म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी विणीच्या दिवसांत त्याच्या मासेमारीवर बंधनं असतात. आपल्याकडे कुणी अडवत नाही म्हणून काढायची, हे मला पटत नाही.

काठी साडेसहा-सात फुटांची, कडक घ्या. तंगूस जाड हवी, मासा वेलीतून ओढावा लागतो. पायात जुने बूट पुरेत.

एक राहिलं. एकटे असाल तर आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून शेतीला पाणी सोडण्याच्या, दिवसांत पाण्यात उतरूच नका. पावसाळ्यातही गंगापूर-दारणा धरणांतून विसर्ग सुटतो, तेव्हा तुमच्याकडे ऊन असलं तरी नदी चढते. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला की लगेच काठ गाठायचा. नांदूर मध्यमेश्वरला गळ नेऊ नका, ते अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, तिथे आधी विचारा. आणि पिल्लांचा घोळका दिसला तर, दाजी बरोबर असले तरी, वळसा घालून पुढे जा.