दिवसाला एकच गोष्ट, आणि दुपारची झोप मोडायची नाही

ताई, आम्ही ठाण्याला राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो आणि दोन दिवसांत नऊ पॉइंट केले. घाटात मुलीला उलट्या झाल्या, धाकट्याने रडून गोंधळ घातला. परतताना नवरा म्हणाला, 'तुझ्या लाडाने मुलं किरकिरी झालीत.' यंदा त्याला मेअखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचंय. यादी तयार आहे : रतनवाडी, सांदण दरी, घाटघर, रंधा धबधबा, बोटिंग, काजवे, जमलं तर कळसूबाई. मुक्काम एक. मला नुसतं झाडाखाली बसायचंय. जाऊच नये असं वाटतं, पण मुलांना काजवे दाखवायचेत. माझंच काही चुकतंय का?
— दमलेली आई, ठाणे

प्रिय दमलेल्या आई,

तुमचं काही चुकत नाहीये. मुलंही किरकिरी नाहीत. अडीच वर्षांच्या मुलाची दुपारची झोप दोन दिवस मोडली, जेवणाची वेळ टळली आणि उन्हात गाडीत चढ-उतर झाली, की तो रडणारच. त्याला 'दमलो' हे सांगायला अजून दुसरी भाषा नाही. चुकली ती यादी, आणि यंदाची यादी तिचीच बहीण आहे.

म्हणून जा, भंडारदऱ्यालाच जा. यजमानांनी जागा आणि वेळ दोन्ही चांगली निवडली आहे, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. बदलायच्या गोष्टी दोनच : एकाऐवजी दोन मुक्काम करा, आणि दिवसाला एकच ठिकाण ठेवा. एका मुक्कामात लहान मुलांच्या वाट्याला फक्त प्रवास येतो, पहिला दिवस जाण्यात आणि दुसरा निघण्याच्या घाईत. मधला एक अख्खा दिवस मिळाला तरच ती जागा त्यांची होते.

यादीतलं काय गाळायचं ते सरळ सांगते. सांदण दरी म्हणजे मोठमोठ्या दगडांवरून उतरणं, आणि वळीव कोसळला तर तिथून पटकन बाहेर येता येत नाही. कळसूबाई १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मे महिन्यात कडेवर मूल घेऊन ते चढायचं नाही. घाटघरच्या कड्याजवळ धावरं मूल म्हणजे तुमचा जीव टांगणीला. रंधा थोडा वेळ थांबून कठड्यामागून बघता येतो, त्यासाठी वेगळा दिवस नको. खाली उतरायचं तर मुळीच नाही. उरली रतनवाडी आणि काजवे. दोन पुरेत.

आता तारीख. काजवे मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की दिसू लागतात आणि पाऊस धरला की कमी होतात. कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस बघा, कारण चांदण्यात त्यांचा उजेड फिका पडतो. शनिवार-रविवार टाळा. त्या रात्री धरणाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हेडलाइटच्या झोतात काजवे दिसत नाहीत आणि मूल गाडीत अडकून पडतं. मंगळवार ते गुरुवार उत्तम. परतल्यावरचा मोकळा दिवस धरून चार दिवसांची रजा यजमानांनी काढावी. शाळेला सुट्टी आहेच.

खोली ठरवताना फोनवर हे विचारा : खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे का (सासूबाईंसाठी), वीज गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, मुलांना साडेबाराला आणि पावणेसातला मऊ वरणभात मिळेल का, आणि खोली किती वाजता ताब्यात मिळेल. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मग सकाळी दहाला पोचून बारापर्यंत मुलांना घेऊन उन्हात बसावं लागतं. लवकर खोली मिळणार नसेल तर निदान सावलीची पडवी तरी मिळेल का, हे बोलून घ्या. तंबू नको. सकाळी आठलाच आत भट्टी होते, आणि वळवाच्या वाऱ्यात खुंट्या उपटतात. मे महिन्यात पक्की भिंत आणि कौलं हवीत.

प्रवास दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे : शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदरा. पहाटे साडेपाचला निघा. मुलांना झोपेतूनच उचलून गाडीत ठेवता यावं म्हणून रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवा. मुलीच्या उलट्यांचं कारण साधं आहे. डोळे समोरची पाठ किंवा मोबाइल बघतात, कान सांगतो की आपण वळतोय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. तिला मागच्या सीटवर मधे बसवा, म्हणजे समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. पट्टा लावा. शहापूर सोडल्यावर मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद. निघताना दूध देऊ नका, रिकाम्या पोटीही नेऊ नका. एक कोरडा टोस्ट किंवा अर्धी दशमी पुरते. पोटभर नाश्ता घाट चढून गेल्यावर, इगतपुरीला. उलटीचं औषध द्यायचं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या. ते प्रवासाआधी द्यावं लागतं, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. दोन पिशव्या, ओला नॅपकिन आणि प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड पायाशी ठेवा, डिकीत नाही. आणि गाडी उभी करून 'एका मिनिटात येतो' म्हणून मुलांना आत कधीच सोडू नका. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत धोकादायक तापते.

पोचलात की दुपारी चारपर्यंत कुठेही जायचं नाही. जेवण, अंघोळ, झोप. अकरा ते चार हा वेळ पहिले दोन्ही दिवस खोलीतला. पाचला जलाशयाच्या कडेने फेरी मारा. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण दुरूनच छान दिसतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडतात ते पाणी, सुटलेलं असेल तर धरणाखालचा छत्रीसारखा धबधबाही दिसेल, पण नदीच्या पात्रात उतरू नका, पाणी वाढायला वेळ लागत नाही. जलाशय मेमध्ये खाली गेलेला असतो. उघड्या पडलेल्या काठाचा वरचा थर वाळलेला दिसतो आणि खाली चिखल असतो, त्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. मुलांना काठापासून दहा पावलं अलीकडेच ठेवा. बोटीत बसायचंच असेल तर लहान मापाचं जॅकेट मागा. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात पडल्यावर मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. अडीच वर्षांच्या मापाचं नसेल तर धाकटा काठावर आजीजवळ राहील.

काजवे पहिल्याच रात्री बघा, मुलं दुपारी झोपली असतील तर. त्या रात्री पाऊस आला किंवा धाकटा झोपलाच नाही, तर दुसरी रात्र हाताशी असते. हे उलटं केलं की सगळा भार शेवटच्या रात्रीवर येतो आणि रडणाऱ्या मुलाला ओढत न्यायची वेळ येते. पावणेसातला जेवण, साडेसातला बाहेर, नऊपर्यंत परत. वनखात्याचं शुल्क असेल तिथे ते भरा, आणि गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. कुठली झाडं भरली आहेत ते त्याला ठाऊक असतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमतात. पंधरा-वीस मिनिटं अंधारात गप्प उभं राहिल्यावर डोळे सरावतात. मग एखादं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं.

मुलीला आधीच समजावून ठेवा : दिवे लावून फिरतो तो नर, खाली गवतात बसलेली मादी त्याला दिव्यानेच उत्तर देते. म्हणून बॅटरी नको, फ्लॅश नको, बाटलीत भरायचं नाही, आणि झाडाखालचं गवत तुडवायचं नाही, तिथल्या ओल्या मातीत अंडी असतात. आपल्या उजेडाने मादीचं उत्तर हुकलं, तर पुढच्या वर्षी तेवढे काजवे कमी. सहा वर्षांच्या मुलांना नियमामागचं कारण कळलं की ती मोठ्यांना दटावतात. बघाच तुम्ही. धाकटा अंधाराला घाबरला तर जबरदस्ती नको. कोण त्याला घेऊन परत जाईल, हे निघण्याआधीच ठरवा.

रतनवाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. सातला निघा. अमृतेश्वराच्या मंदिरात अनवाणी जायचं असतं आणि दहानंतर आवारातल्या दगडाचे चटके बसतात, तिथेच मुलांचं रडणं सुरू होतं. कोरीवकाम मुलीला पंधरा मिनिटं पुरेल. शेजारची पुष्करणी खोल आहे, धाकट्याचा हात सोडू नका. वाटेत बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकतात, ती घ्या, धुवा. चीक ओठांना चिकटतो, कपड्यावरचा डाग जात नाही, म्हणून त्या दिवशी जुने कपडे. जांभळाची बी काढूनच धाकट्याला द्या, ती घशात अडकते.

आणि मग तुमचं झाडाखाली बसणं. मुलांना 'निसर्ग' दाखवावा लागत नाही, त्यांना त्याच्यासमोर वेळ द्यावा लागतो. पडवीच्या कडेला, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवले खड्डे दिसतील. प्रत्येकाच्या तळाशी मातीत दडून एक किडा बसलेला असतो. मुंगी कडेवर आली की माती घसरते, मुंगी खाली जाते आणि तो खालून मातीचे कण उडवून तिला वर येऊ देत नाही. या एका खड्ड्यापाशी मुलगी अर्धा तास बसेल. धाकट्याला एक वाटी, एक चमचा आणि ओली माती द्या. बूट मात्र घालण्याआधी रोज उलटे करून झाडा, विंचू असू शकतो.

पाण्याचं : दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, मागितलं नाही तरी. सहा तास शू झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतणं ही नेहमीची आणि घातक चूक आहे, मीठ जास्त होतं. चोवीस तासांनी उरलेलं फेका. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. खायला घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, सातूचं पीठ आणि गूळ न्या. दहीभात नको, उन्हात आंबतो. बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळं तीन दिवस बंद. दुपारी गडगडाट सुरू झाला तर झाडाखाली थांबू नका, खोलीत नाहीतर गाडीत. जवळचं मोठं गाव राजूर. तिथला कुठला दवाखाना रात्री उघडतो ते खोलीवाल्याला आधीच विचारा. १०८ हा क्रमांक ठाऊक असू द्या, पण रेंज सगळीकडे नसते.

आता घरातलं. 'तुझ्या लाडाने' हे वाक्य तुम्हाला लागलंय, आणि ते लागण्यासारखंच आहे. पण त्याचा हिशेब सहलीत मांडू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी, मुलं झोपल्यावर, कागद घेऊन बसा आणि कामं नावानिशी वाटा. गाडी, औषधं, उलटीची पिशवी आणि मुलीची अंघोळ त्यांच्याकडे. खाणं, कपडे आणि धाकट्याची झोप तुमच्याकडे. शेवटची सकाळ, साडेपाच ते साडेसात, फक्त त्यांची. घाटघर बघायचं असेल तर एकट्याने बघून यावं. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, चार ते सात, फक्त तुमची. तेव्हा मुलं त्यांच्याकडे, आणि अगदी पडल्या-झडल्याशिवाय तुम्हाला हाक मारायची नाही. तीन तास मुलं एकट्याने सांभाळली की यादीतली ठिकाणं माणूस आपण होऊन खोडतो. बोलायला सुरुवात अशी करा : 'काजव्यांची कल्पना मला खूप आवडली. ती नीट पार पडावी म्हणून बाकीचं थोडं कमी करूया का?' गेल्या वर्षीचं त्यानंतर, शांतपणे, एकदाच सांगा.

सासूबाईंना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने काही ठरवू नका. त्यांना पडवीत खुर्ची, पाय ठेवायला स्टूल आणि जवळ चहा मिळाला, तर त्या रतनवाडीला कदाचित येणारही नाहीत, आणि ते चालेल. नातवाला बसल्याजागी गोष्ट सांगणं त्यांच्याकडे द्या, त्याच्यामागे धावणं नको.

परतीच्या दिवशी नाश्ता करून आठला निघा, म्हणजे दुपारच्या झोपेला मुलं घरी असतील. पुढचा दिवस मोकळा ठेवा, कपड्यांचा ढीग दोघांनी मिळून उपसायचा आहे. आणि खोलीसाठी फोन आजच करा. काजव्यांच्या दिवसांत तळमजल्याच्या खोल्या आधी संपतात.

तुमची,
ताई