ख्रिस्ती माणसाने मार निमूट सोसायचा असतो का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जळगावला तुमच्या शेजारी राहणारी ख्रिस्ती मैत्रीण नवऱ्याचा मार खाते. तुम्ही काही बोललात की म्हणते, “हा माझा वधस्तंभ आहे, मलाच वाहायचा आहे.” (वधस्तंभ म्हणजे येशूला ज्यावर खिळून मारलं तो क्रूस.) म्हणून तुम्ही विचारता, की ख्रिस्ती धर्मात दुःख सोसणं हेच पुण्य मानतात का? आपल्याकडे नवस फेडायला लोक चैत्रात पायी वणीच्या गडावर जातात, तसलंच हे काही आहे का?

मी नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी, ख्रिस्ती. आजी लहान असताना घर ख्रिस्ती झालं. नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन धुळ्यात असते. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, पण तुमच्या मैत्रिणीचं ते वाक्य मी वॉर्डात इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सरळ सांगते, नाही. वेदना म्हणजे पुण्य, असं येशूने कुठेही म्हटलेलं नाही. पकडण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत तो काय मागतो? हा प्याला माझ्यावरून टळून जाऊ दे. म्हणजे त्यालाही मरण नको होतं. त्याआधी नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हाही तिथून गेला. शिष्यांना तर त्याने बजावलंच होतं, की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावाला पळा. हे उपदेशात फार कमी ऐकू येतं, का ते देव जाणे.

मग येशू वधस्तंभावर मेला कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. बोकडाच्या बळीची कल्पना तुम्हाला आहे. यहुदी लोकांतही वल्हांडण सणाला बळी द्यायचं कोकरू होतं, प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापं डोक्यावर ठेवून रानात सोडून दिलेला बकरा होता. ख्रिस्ती लोक येशूच्या मरणाकडे त्याच भाषेतून बघतात. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 53व्या अध्यायात, दुसऱ्यांचे अपराध अंगावर घेणारा एक सेवक आहे, त्याच्यात आम्ही येशूला पाहतो. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येशू स्वतःच म्हणतो, की पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलोय. पण बोकडाला कुणी विचारत नाही. येशू योहानाच्या शुभवर्तमानात, 10व्या अध्यायात, म्हणतो, माझा जीव कुणी माझ्याकडून हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. माझ्या मते सगळा विषय या ‘आपण होऊन’मध्ये आहे. आणि दुसरं, बायबलातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ते अर्पण झालं, संपलं. देवाला आता आणखी कुणाचं रक्त नको.

ते मरण नेमकं कसं उपयोगी पडलं, यावर पंडित हजार वर्षं भांडताहेत. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कँटरबरीचा धर्मपंडित अन्सेल्म म्हणाला, की माणसाच्या पापाने देवाच्या मानाला बट्टा लागला, त्याची भरपाई माणसाकडून होणारी नव्हती, ती ख्रिस्ताने केली. पुढच्याच शतकात फ्रान्सच्या अबेलार्ड या पंडिताने भर दिला तो प्रेमावर: एवढं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं. विसाव्या शतकात स्वीडनच्या औलेन या धर्मपंडिताने जुनंच म्हणणं पुन्हा पुढे आणलं, की तो मृत्यूवरचा आणि सैतानावरचा विजय होता. मला तिन्हींत थोडं थोडं खरं वाटतं. पण नवऱ्याने बायकोला मारावं आणि देवाने ते जमेस धरावं, असं तिघांपैकी कुणाच्याच म्हणण्यातून निघत नाही.

आपण होऊन देणं म्हणजे काय, ते बघायचं तर पोलंडचे फादर मॅक्सिमिलियन कोल्बे आठवा. 1941 साली नाझींच्या आऊशवित्झ छळछावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपासमारीने मारायचं ठरलं. त्यातला एक बायकामुलांच्या नावाने रडू लागला. कोल्बे पुढे आले आणि म्हणाले, याच्या जागी मला घ्या. त्यांनी दुःख मागितलं नव्हतं, दुसऱ्याचा जीव मागितला होता. तो माणूस वाचला. 1982 साली रोममध्ये कोल्बेंना संत जाहीर केलं, तेव्हा तो तिथे हजर होता.

आता तुमची मैत्रीण मार खाते त्याने कोण वाचतं? नवरा? तो तर रोज आणखी बिघडतोय.

इथे एक अवघड जागा आहे, ती लपवत नाही. निवड न करता वाट्याला आलेल्या दुःखाचं काय? माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. आमच्या नंदुरबारकडच्या आदिवासी वस्त्यांत हा आजार घराघरांत माहीत आहे: रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी कळ उठते. तो रात्रभर कण्हायचा. घरी आलेल्या एका उपदेशकाने त्याला सांगितलं, “देवाने दिलेला वधस्तंभ आहे, आनंदाने सोस.” मी तेव्हा शिकत होते, गप्प बसले. आज असते तर योहानाचा 9वा अध्याय उघडून पुढे ठेवला असता. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि त्यांनीही नाही. आणि मग त्याला सोसायला सांगत नाही, बरं करतो.

पण कॅथलिक परंपरेत आपलं दुखणं ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण करायची रीत आहे, तिला मी हसणार नाही. येशूचा प्रेषित पौल बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात तसंच काही बोलतो, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली यावर एक मोठं पत्रच लिहिलं. वॉर्डात एक म्हातारी होती, कॅन्सर पार शेवटच्या टप्प्यात. कळ आली की शेजारच्या खाटेवरच्या पोरीचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मॉर्फिनही घ्यायची हो, नाही म्हणायची नाही. औषध आणि अर्पण यांत तिला भांडण दिसत नव्हतं.

मार मात्र आजार नव्हे. तो एक माणूस करतो आणि तो थांबवता येतो. तुमच्या मैत्रिणीला ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन पाठ असेल. पण खुद्द येशूच्या थोबाडीत मारली तेव्हा त्याने काय केलं? योहान 18:23. महायाजकाच्या शिपायाने चापट मारली, तर येशू त्याला विचारतो, मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? तो जाब विचारतो. पौलालाही चाबकाचे फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने विचारलं, चौकशी न करता रोमी नागरिकाला फटके मारणं कायद्यात बसतं का? सोसायची तयारी असलेला माणूस होता तो, तरीही कायद्याचा आधार घेतला. तुमच्या मैत्रिणीसाठीही कायदा आहे, 2005चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, अंगावर आलं तर पोलिसांच्या मदतीसाठी 112 नंबर लावता येतो.

तिच्याशी वाद घालू नका, ताई. वादात ती नवऱ्याचीच बाजू घेईल, मी हे फार वेळा बघितलंय. दुपारी नवरा कामावर असताना जा, तिचंच बायबल मागा आणि प्रेषितांची कृत्ये, 9वा अध्याय, 25वं वचन तिलाच वाचायला सांगा. दमास्कसमध्ये पौलाला मारायला लोक वेशीवर टपून बसलेत, आणि शिष्य रात्री त्याला पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडताहेत. पौलाने त्या रात्री हा माझा वधस्तंभ आहे असं का म्हटलं नाही, एवढंच तिला विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.