दंडाच्या डब्यात साठलेले खाडे

प्रश्न : ताई, मी ४८ वर्षांचा असून डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीसाठी जातो. जानेवारीत १४,००० रुपये भरून जिमचे वर्षाचे सभासदत्व घेतले आणि मार्चअखेर मोजून अकरा वेळा गेलो. मे महिन्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.२ आले, तेव्हा डॉक्टरांनी झपाझप चालायला सांगितले. मग घरात असे ठरले की आठवड्यातून पाच दिवस सकाळी चालायचे आणि खाडा झाला की १०० रुपये दंड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. जून ते ऑगस्ट या तेरा आठवड्यांत ४,६०० रुपये जमले. मुलांनी त्यातून तीनदा पिझ्झा मागवला. धाकटा तर आदल्या रात्रीच सांगतो, "बाबा, उद्या जोराचा पाऊस आहे म्हणे." पत्नीचे म्हणणे, दंड ५०० केल्याशिवाय तुम्ही हलणार नाही. तसे करावे का?
– आरंभशूर, डोंबिवली

उत्तर :
सप्रेम नमस्कार.

४,६०० रुपये म्हणजे ४६ खाडे. याचा अर्थ ठरलेल्या ६५ सकाळींपैकी १९ सकाळी तुम्ही, भर पावसाळ्यात, घराबाहेर पडलात. जिमच्या तीन महिन्यांतल्या अकरा फेऱ्यांपेक्षा हे बरेच बरे आहे, त्यामुळे स्वतःला आरंभशूर म्हणवून घेण्याची इतकी घाई करू नका. जिमच्या पैशांचेही फार मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेतल्या काही जिमच्या नोंदींवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की महिन्याला ७० डॉलरहून अधिक शुल्क भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे दहा डॉलरला मिळू शकणाऱ्या एका फेरीसाठी ते सतरा डॉलरहून अधिक मोजत होते. पैसे एकदा भरून झाले की ते रोज सकाळी आपल्याला उठवायला येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता डब्याविषयी. दंड वाढवू नका, कारण दोष रकमेत नसून मांडणीत आहे. तुम्ही चुकलात की मुलांना पिझ्झा मिळतो आणि तुम्ही नेमाने चाललात की त्यांचा डबा रिकामा राहतो, अशी व्यवस्था घरात असताना धाकट्याने पावसाची बातमी आणली नसती तरच नवल. आणि तुमचे काय होते? इस्राएलमधील हैफा येथे १९९८ साली काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. पूर्वी उशीर झाला की पालकांना बाईंसमोर ओशाळल्यासारखे होत असे. दंड आल्यावर उशिराची किंमत ठरली आणि ती चुकती केली की विषय संपला. तुमच्या घरात १०० रुपये ही झोपेची किंमत झाली आहे. ५०० केलेत तर महिनाभर झोप महाग होईल, आणि मग एखाद्या रविवारी घरातच वाद होऊन डबा माळ्यावर जाईल.

मी सुचवते ती मांडणी थोडी वेगळी आहे. पाच दिवसांचा हट्ट सोडून तीन दिवस धरा : मंगळवार, गुरुवार आणि रविवार, प्रत्येकी ५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, ती यात भरतात. चालण्याचा वेग मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला एका पाकिटात २०० रुपयांच्या बारा नोटा घाला आणि ते पाकीट घराबाहेरच्या, तुमच्या गोड बोलण्याला न भुलणाऱ्या व्यक्तीकडे द्या. मोठी बहीण असल्यास उत्तम. चालून आल्यावर तिला फोटो पाठवायचा. फोटो आला नाही की तिने एक नोट काढून घ्यायची. महिनाअखेर उरलेले पाकीट तुमचे.

बक्षीस म्हणून नंतर मिळणाऱ्या पैशापेक्षा हातचा जाणारा पैसा माणसाला अधिक बोचतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८१ जणांना रोज ७,००० पावले चालण्याचे उद्दिष्ट देऊन केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना दिवसाला १.४० डॉलर मिळत होते त्यांनी ३५ टक्के दिवशी उद्दिष्ट गाठले, तर ज्यांच्या नावे महिन्याचे ४२ डॉलर आधीच जमा करून चुकल्या दिवशी तेवढीच रक्कम कापली जात होती, त्यांनी ४५ टक्के दिवशी गाठले. पैसे न मिळणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्के होते. पैसे थांबल्यावर मात्र हा फरक उरला नाही, हेही सांगायला हवे. दुसऱ्या एका प्रयोगात कंपनीने कर्मचाऱ्यांना चार आठवडे जिमला जाण्याचे पैसे दिले, तेव्हाही ते बंद होताच बराचसा उत्साह ओसरला. पण ज्या गटाला त्यानंतर स्वतःचे पैसे पणाला लावण्याची मुभा दिली होती, त्या गटात परिणाम पुढेही टिकला. म्हणून पाकिटातल्या नोटा तुमच्याच असाव्यात, पत्नीने दिलेल्या नसाव्यात.

कापलेल्या नोटा कोठे जाव्यात हेही आधी ठरवा. त्या घरात खर्च होता कामा नयेत. पार्किंगवरून सोसायटीतल्या ज्या गृहस्थांशी तुमचे वाजले असेल (अशी एक व्यक्ती प्रत्येक सोसायटीत असतेच), त्यांच्या मंडळाच्या वर्गणीत जाव्यात. हा सल्ला थोडा दुष्टपणाचा आहे, याची मला कल्पना आहे.

खाडे होणारच. गणपतीत पाहुणे येतील, दिवाळीत झोप लांबेल, आणि घात त्या खाड्याने होत नसतो. त्यानंतरच्या ‘आता पुढच्या सोमवारपासून’ने होतो. अमेरिकेत ६१,००० हून अधिक जिम सभासदांवर ५४ निरनिराळ्या उपायांची एकाच वेळी परीक्षा घेतली गेली, तेव्हा सर्वांत सरस ठरलेल्या उपायात फेरी चुकल्यानंतर परत येणाऱ्यास अगदी किरकोळ, काही सेंटांचे, जादा बक्षीस होते. तेव्हा मंगळवार चुकला आणि गुरुवारी गेलात, तर बहिणीने वीस रुपये परत द्यावेत. ताप आणि घरातले दुःखद प्रसंग यांना सूट असावी; लोकल आणि पाऊस यांना नसावी.

मुलांचा डबा फेकू नका, फक्त उलटा करा. तुम्ही चालून आलात की त्यात ५० रुपये पडावेत, चुकलात की काहीच नाही. धाकटा छत्री घेऊन दाराशी उभा राहील.

एक अनुभवही सांगते. गेली काही वर्षे माझ्या सकाळच्या फिरण्याला पैसा लागलेला नाही, कारण पावणेसहाला खाली शेजारच्या काकू येऊन थांबतात आणि त्या जिन्याकडे बघत उभ्या आहेत हे वरच्या खिडकीतून दिसते. असा कोणी सोबती मिळाला, तर पाकिटाची गरज कदाचित उरणार नाही. तोपर्यंत तीन महिने ते चालू ठेवा.

हे सर्व एका कागदावर लिहून तुम्ही आणि बहीण, दोघांनी सही करा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुम्ही तिला फोन करून "एवढा एक महिना सोड" असे म्हणाल. तेव्हा तिने ऐकू नये, हे त्या कागदावर पहिल्याच ओळीत असू द्या.