पाळीतल्या पोटदुखीवर योगासनांचा उपयोग होतो का? मुलगी १९ वर्षांची आहे, गोळी द्यायची भीती वाटते.

होतो. पण ‘गोळी द्यायची भीती’ वाचलं आणि राहवलं नाही.

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या सकाळीच माझी पाळी आली. आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला होती, योगाचे वर्ग घ्यायची. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हे तिचं ठाम मत. आईने मेफ्टालची पट्टी काढली, आत्याने ती परत डब्यात टाकली आणि मला पवनमुक्तासन करायला लावलं. टायट्रेशन करताना फ्लास्कमधलं पाणी गुलाबी व्हायच्या आत मी बेसिनमध्ये ओकले. मार्क गेलेच. घरी आल्यावर आत्या काय म्हणाली? “श्वासाकडे लक्ष नसेल तुझं.”

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. मेफ्टालमधलं मेफेनॅमिक ॲसिड ते तयार होणंच कमी करतं, म्हणून कळ चढायच्या आधी घेतलेली गोळी जास्त लागू पडते. महिन्यातून दोन दिवस घेतल्याने मूल व्हायला काही अडचण येत नाही. सहन करणं म्हणजे साधना नव्हे, आत्या!

आसनांचा गुण मला आला तो पुढे पुण्यात, अय्यंगार पद्धतीच्या वर्गात. ही पद्धत घडवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगारांनी पाळीच्या दिवसांसाठी वेगळी आसनं सांगितली आहेत. लोडावर पाठ टेकून सुप्त बद्धकोनासन, कपाळाला आधार देऊन जानुशीर्षासन. शीर्षासन, सर्वांगासन त्या दिवसांत बंद. घरी लोड नसेल तर गोधडीची लांब घडी चालते. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं, ओटीपोट सैल पडतं. मात्र महिनाभर काही न करता त्याच दिवशी चटई अंथरली तर फार हाती लागत नाही. माझी आधीच्या दोन दिवसांतली चिडचिड रोजच्या सरावानेच कमी झाली, कळाही थोड्या कमी झाल्या. गोळी अजून लागते, पण एकच.

आत्याला हे आजही पटत नाही. दिवाळीत तिच्या पर्समध्ये गुडघ्याची पेनकिलर सापडली. “ते वेगळं,” म्हणाली.

हां, गोळी उपाशीपोटी नको, आणि दमा किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दुखणं दरवर्षी वाढत असेल, गोळीलाही दाद देत नसेल किंवा शौचाला बसतानाही कळ येत असेल, तर आसनं आणि माझं उत्तर दोन्ही बाजूला ठेवा आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो.