प्री-मेडिकल मास्टर्ससाठी 75 हजार डॉलर: डिपॉझिट भरावं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचा प्रश्न आला आहे. लेक 23 वर्षांची. मे 2025 मध्ये स्टेट युनिव्हर्सिटीतून बायॉलॉजीची पदवी घेतली, जीपीए (4 पैकी सरासरी गुण) 3.41. पहिली दोन वर्षं घसरली होती, शेवटची दोन चांगली गेली. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) 505. सप्टेंबरमध्ये 16 एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांना अर्ज केले, एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यू आला नाही. आता बॉस्टनमध्ये एका वर्षाच्या प्री-मेडिकल मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. ट्यूशन 48 हजार, राहणं-खाणं 27 हजार, म्हणजे 75 हजार डॉलर. लेकीच्या 529 खात्यात (शिक्षणासाठीचं बचत खातं) 31 हजार शिल्लक आहेत. वडील 54 वर्षांचे, आयटीत. धाकटा अकरावीत. बाकीच्या पैशांसाठी घरात तीन गोष्टींवर बोलणं चाललं आहे: वडिलांच्या 401के (निवृत्तीच्या खात्या) मधून कर्ज, राहत्या घरावर कर्ज, किंवा कोथरूडचा फ्लॅट विकणं. ‘आठ दिवसांत डिपॉझिट भरायचं आहे, काय करू?’

ताई, माझं मत आधीच सांगते: या वर्षी डिपॉझिट भरू नका. एकच अपवाद आहे, तो पुढे येईल.

आधी हे मास्टर्स कशासाठी असतं ते पाहू. या कोर्सेसमध्ये मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे किंवा त्या तोडीचे विषय शिकतात. ज्याचा एमकॅट उत्तम आहे पण जीपीए कच्चा आहे, त्याला ‘मेडिकलचा अभ्यास मला झेपतो’ हे दाखवायची ती संधी असते. तुमच्या लेकीचं चित्र वेगळं आहे. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एमकॅट 511-512 च्या आसपास असतो आणि जीपीए 3.8 च्या जवळ. ती दोन्हीकडे मागे आहे, त्यात एमकॅट जास्त टोचतो, आणि मास्टर्सने एमकॅट हलत नाही. शिवाय अर्ज सप्टेंबरमध्ये गेला. एएमसीएएसवर (एमडी कॉलेजांच्या सामायिक अर्जाच्या पोर्टलवर) अर्ज मे अखेर-जूनपासून भरता येतात, आणि बहुतेक कॉलेजं येतील तसे अर्ज बघत इंटरव्ह्यूच्या जागा भरत जातात. सप्टेंबरचा अर्ज तपासून कॉलेजकडे पोचेपर्यंत बरीच पानं उलटलेली असतात. सोळा नकारांतले किती 3.41 चे आणि किती उशिराचे, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण उशीर दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

जीपीएचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, तुम्हीही मांडा. एएमसीएएस पदवीचा आणि मास्टर्सचा जीपीए वेगवेगळा दाखवतं. बॉस्टनमध्ये तिने सगळीकडे ‘ए’ मिळवला तरी पदवीचा आकडा 3.41 च राहणार. त्याऐवजी तिने जवळच्या सरकारी विद्यापीठात पदवी पातळीचेच वरचे विज्ञान विषय 24 क्रेडिट्सचे घेतले आणि सगळ्यांत ‘ए’ आणला, तर 120 क्रेडिट्सचे 3.41 आणि 24 चे 4.0 मिळून जीपीए 3.51 होतो. राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या फीने याला साधारण 12 ते 15 हजार डॉलर लागतील. राहायला ती घरीच असेल.

‘पण मग वर्ष वाया जाईल’ असं तुम्ही लिहिलं आहे. तारखा लावून बघा. मास्टर्स ऑगस्ट 2026 ते मे 2027. या जूनमध्ये अर्ज केला तर तोच 505 घेऊन जाणार, आणि पहिल्या सत्राचे मार्क कॉलेजांना डिसेंबर-जानेवारीशिवाय दिसणार नाहीत. म्हणजे खरा अर्ज जून 2027 चा, आणि मेडिकल सुरू ऑगस्ट 2028 ला. आता दुसरी वाट: यंदा वर्ग, सोबत एखाद्या क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटचं नाहीतर स्क्राइबचं (डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याचं) पगारी काम, जानेवारी 2027 मध्ये एमकॅट, जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज. मेडिकल सुरू ऑगस्ट 2028 ला. दोन्ही वाटा एकाच महिन्यात पोचतात.

आता कर्जाकडे येते, कारण इथे नियम मुळातून बदलले आहेत आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. पूर्वी मास्टर्सच्या मुलांना ग्रॅड प्लसमधून पूर्ण खर्चाइतकं सरकारी कर्ज मिळायचं. जुलै 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. मास्टर्सला वर्षाला 20,500 डॉलर, एवढीच सरकारी मर्यादा उरली. एमडी किंवा डीओला (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची, डॉक्टर होण्याचीच दुसरी पदवी) वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाख. आणि मास्टर्ससाठी उचललेलं सरकारी कर्ज या 2 लाखांतून वजा होतं. आज 20,500 घेतले तर मेडिकलसाठी 1,79,500 उरतात. खासगी मेडिकल कॉलेजात चार वर्षांचा सगळा खर्च साडेतीन लाखांच्या वर सहज जातो. तिथे प्रत्येक सरकारी डॉलरची गरज पडणार आहे, कारण रेसिडेन्सीपासून (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणापासून) ना-नफा हॉस्पिटलमध्ये 10 वर्षं हप्ते भरले की उरलेलं माफ होण्याची सोय फक्त सरकारी कर्जाला आहे, खासगी बँकेच्या कर्जाला नाही.

व्याजही पहिल्या दिवसापासून चढतं. 2025-26 चा दर 7.94 टक्के होता. तोच धरला आणि काही भरलं नाही, तर 2032 मध्ये ती एमडी होईपर्यंत 20,500 वर नऊ हजारांहून जास्त व्याज साचतं. मास्टर्स संपल्यावर सहा महिन्यांची सवलत मिळते, ती नोव्हेंबर 2027 च्या सुमारास संपेल. मेडिकल सुरू व्हायला तेव्हाही नऊ महिने असतील आणि हप्ते दारात उभे राहतील.

75 हजारांतून 529 चे 31 हजार आणि सरकारी 20,500 गेले की 23,500 उरतात. पॅरेंट प्लस (आईवडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज) पदवीच्या मुलांसाठी असतं, इथे चालत नाही. म्हणून घरात हे तीन पर्याय निघाले असावेत. 401के ला हात लावू नका. कर्ज 50 हजारांपर्यंत मिळतं हे खरं, पण नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत परत भरावी लागते. नाही भरली तर ती काढलेली रक्कम धरून त्यावर आयकर आणि वयामुळे 10 टक्के दंड बसू शकतो. 54 व्या वर्षी आयटीत नोकरीची खात्री कितपत, हे तुमच्या घरात मला सांगायला नको. घरावरचं कर्ज बदलत्या व्याजाचं असू शकतं आणि हप्ता चुकला तर जोखीम राहत्या घराला. तेही नको.

मास्टर्स कुणाला फळतं? 512 च्या वर एमकॅट, जीपीए 3.2-3.3, आणि पदवीच्या विषयांनी आकडा आता हलण्यासारखा उरला नाही, अशांना. त्यातही एक अट: तिथे मार्क अव्वल हवेत. मेडिकलच्या मुलांबरोबरच्या परीक्षेत ‘बी’ पडला तर ‘झेपत नाही’ याचा लेखी पुरावा 75 हजार देऊन तयार होतो. आणि मेडिकल झालंच नाही, तर त्या पदवीवर पगार फारसा वाढत नाही.

आता तो अपवाद. काही विद्यापीठं आपल्या मास्टर्सच्या मुलांना ठरावीक मार्कांवर आपल्याच मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू लेखी कबूल करतात, काही तर लगेच पुढच्या ऑगस्टच्या बॅचला घेतात. तिथे खरोखर एक वर्ष वाचतं. म्हणून आजच लेकीला प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवायला सांगा. ‘आमची 80 टक्के मुलं मेडिकलला जातात’ अशा वाक्यावर थांबू नका. मागच्या तीन बॅचमध्ये सुरुवातीला किती जण होते, त्यातले किती एमडीला आणि किती डीओला गेले, किती वर्षांत गेले, 505 ते 508 एमकॅट असलेल्यांचं काय झालं, आणि इंटरव्ह्यूची हमी लेखी आहे का, असेल तर त्याला एमकॅटची अट किती. आठ दिवसांत आकड्यांत उत्तर आलं आणि ही हमी 505 वर लागू असेल, तर मला परत लिहा, मी माझं मत बदलेन. उत्तर गोलमोल आलं तर डिपॉझिट भरू नका.

डीओ कॉलेजांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ‘एमडीच हवं’ हा आग्रह घरातून आला असेल तर तो सोडा, असं मी मनापासून सांगते. डीओंना इथे प्रॅक्टिसचे पूर्ण हक्क आहेत, आणि 2020 पासून रेसिडेन्सीचं मानांकन दोघांसाठी एकच आहे. न्यू जर्सीतच रोवन-वर्चुआचं डीओ कॉलेज आहे. पुढच्या अर्जात डीओ हवेतच.

तुम्ही लिहिलंय, ‘मुलगी घरी बसली असं मंडळातले लोक म्हणतील.’ ही भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण वर्ग, क्लिनिक आणि एमकॅट सांभाळणारी मुलगी घरी बसलेली नसते, आणि लेकीच्या कानावर हे आधी तुमच्याकडून पडू दे.

या वर्षाचा खर्च असा धरा: वर्ग 15 हजार, एमकॅटची तयारी आणि परीक्षा 3 हजार, एमडी-डीओ मिळून अर्ज आणि प्रवास 5 हजार. सगळे 23 हजार. यातली वर्गांची फी तेवढी 529 मधून द्या, परीक्षा आणि अर्जांचा खर्च तिच्या पगारातून. खात्यात 16 हजार राहतील.

फ्लॅट आता विकू नका, पण विक्रीची तयारी सुरू करा. अनिवासी म्हणून तुम्हाला भारतात दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के अधिक अधिभार-सेस पडेल, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) मिळणार नाही, आणि खरेदीदार विक्रीच्या वेळीच टीडीएस कापेल. अमेरिकेतही तोच नफा दाखवावा लागेल, भारतात भरलेला कर तिथल्या करातून वळता करून घेता येतो. खरेदीखत, सोसायटीची कागदपत्रं, शेअर सर्टिफिकेट कुणाकडे आहे ते शोधा, भावंडांचा हिस्सा असेल तर तो लेखी करून घ्या. 2028 मध्ये प्रवेशाचं पत्र आलं की 2 लाखांच्या सरकारी मर्यादेवरचं जे अंतर असेल, ते या फ्लॅटच्या पैशातून भरा, म्हणजे खासगी बँकेच्या कागदावर तुम्हा दोघांना सही करावी लागणार नाही.