वेबसाइटच्या आतल्या लिंकमध्ये कोणते शब्द घालावेत? ब्रेडक्रम्ब ठेवल्याने गूगलवर नंबर वर येतो का?

तुमचं साड्यांचं दुकान आहे. डेव्हलपरने फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी, 'स्वस्त पैठणी' अशा चाळीस लिंका घातल्यात आणि आता तो ब्रेडक्रम्ब, म्हणजे पानाच्या वरची 'मुख्यपान › साड्या › पैठणी' अशी वाट दाखवणारी ओळ, काढायचा म्हणतोय. हे योग्य का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही गोष्टी चूक आहेत. याच दोन गोष्टींपायी माझ्या मामाच्या धंद्याचं नुकसान झालेलं मी बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला मामाचे यंत्रमाग आहेत आणि गावात चादर-टॉवेलचं दुकान. पहिली वेबसाइट मी करून दिली होती. मामा गिऱ्हाइकाशी जसा बोलतो तशीच ती मांडली होती. मामा कधी 'इथं बघा, तिथं बघा' म्हणत नाही. 'डबलच्या जेकार्ड चादरी माडीवर, टर्किश टॉवेल आतल्या खोलीत, नॅपकिन इथं काउंटरला.' वर काय मिळणार हे माणसाला जिना चढायच्या आधीच कळतं. लिंकमधल्या शब्दांनी एवढंच करायचं असतं.

मग मामेभावाने, दादाने, एका एजन्सीला काम दिलं. त्यांनी प्रत्येक पानावर जिथे 'सोलापुरी चादर' हे शब्द दिसले तिथे लिंक ठोकली आणि सगळ्या लिंका नेल्या मुख्यपानावर. टॉवेलच्या पानावरूनसुद्धा! खऱ्या चादरींच्या पानाकडे जाणाऱ्या बटणावर मात्र 'अधिक वाचा'. फोटोंच्या लिंकांना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे कोडमधले शब्द, नाही. फोटोच लिंक असेल तर गूगल ऑल्ट टेक्स्टलाच त्या लिंकचे शब्द धरतं, ते माहीत असूनही नाही. आणि ब्रेडक्रम्ब काढला, मोबाइलवर जागा खातो म्हणून. मी भांडलो. दादा म्हणाला, "काय बे, ते पैसे घेतात या कामाचे. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं की."

दिवाळीच्या आधी एका लॉजवाल्याचा मामाला फोन आला, मी समोरच बसलो होतो. गूगलवरून तो थेट ३० बाय ६० च्या पांढऱ्या टॉवेलच्या पानावर उतरला होता. "तुमच्याकडं हा एकच टॉवेल आहे काय?" त्याला ६० बाय ९० च्या चादरी हव्या होत्या, नॅपकिन हवे होते. सगळा माल आमच्याकडे पडून होता. पानावरच्या दोन लिंका त्याने दाबल्या, दोन्हींनी मुख्यपानावर नेऊन सोडलं. तो फोन करणारा निघाला म्हणून ऑर्डर मिळाली. फोन न करता परत गेलेल्यांचा हिशोब मामाने कुठे मांडायचा?

लिंकचे शब्द ती जिथे जाते त्या पानाबद्दल सांगतात, हे काही नवीन नाही. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांच्या १९९८ च्या गूगलवरच्या पेपरमध्येच ते लिहिलेलं आहे. म्हणजे एजन्सीने 'सोलापुरी चादर' हे शब्द मुख्यपानाला वाहिले आणि चादरींच्या पानाला 'अधिक वाचा' एवढंच दिलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव टॉवेलच्या पानावर वीस वेळा चिकटवणं मला धंदा म्हणूनही पटत नाही आणि सोलापूरकर म्हणूनही. तुम्हीही 'येवल्याची हातमागाची पैठणी' लिहा, 'सेमी पैठणी' लिहा, जे पान असेल ते लिहा. पानागणिक शब्द थोडे बदलले तरी चालतात, उलट बदललेलेच बरे. आणि विकायची प्रत्येक साडी दुसऱ्या कुठल्या तरी पानावरून लिंक केलेली हवी, नाहीतर ती गोदामात पडून राहिल्यासारखीच.

ब्रेडक्रम्ब मी परत लावला. मुख्यपान › टॉवेल › लॉजसाठी › ३० बाय ६० पांढरा. यूआरएलमधले, म्हणजे पानाच्या पत्त्यातले, फोल्डर जसेच्या तसे तिथे उतरवू नका. गिऱ्हाईक ज्या वाटेने येतं ती वाट दाखवा, गूगलचा सल्लाही तोच आहे. सोबत ब्रेडक्रम्बलिस्टचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे हीच वाट गूगलला समजेल असा कोड, द्या, निदान दोन पायऱ्या लागतात, आणि गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्ट या साधनात तपासून घ्या.

जानेवारी २०२५ मध्ये गूगलने मोबाइलवरच्या शोधाच्या निकालांतून ब्रेडक्रम्ब काढले, तेव्हा दादाने ती बातमी मला लगेच पाठवली. बघ, मी म्हणत होतो! पण दादा, ते गूगलच्या पानावरून गेले, आणि तेही फक्त मोबाइलवर. डेस्कटॉपवर अजून दिसतात. आपल्या पानावर उतरलेल्या लॉजवाल्याला चादरीकडे जायची वाट अजूनही आपणच दाखवायची आहे.

ब्रेडक्रम्ब लावला की नंबर वर येतोच, असं मी म्हणणार नाही. वर यायला माल, फोटो, माहिती, सगळंच लागतं. आणि तुमची साइट आठ-दहा पानांचीच असेल तर ब्रेडक्रम्बशिवायही चालेल, वरचा मेनू पुरतो. फूटरमधल्या त्या चाळीस लिंका मात्र आज रात्रीच काढायला सांगा.