राइझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्डसाठी कोणता एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारं युनिट) घ्यावा? दुकानदार कॅबिनेटसोबत '500 वॉट'चा फुकट देतोय.

फुकटातला नको. त्याचा खोका बाजूला ठेवा आणि युनिटवरचं स्टिकर वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः 12 व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे 17 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 17, म्हणजे जेमतेम 204 वॉट. बाकीचे वॉट नुसते नावाला. चांगल्या 550 वॉटच्या युनिटवर हाच आकडा 45 अँपिअरच्या आसपास असतो. मागे 115/230 व्होल्टचा लाल खटका दिसला तर डिझाइन जुनं समजा.

तुमचं कार्ड 115 वॉटचं, प्रोसेसर 65 चा. कार्डची चिप बनवणारी एनव्हिडिया 550 वॉट सुचवते, तेवढा भरपूर झाला. पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तरच 650.

80 प्लस ब्रॉन्झ बघाच, पण तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. शॉर्ट सर्किट झाल्यावर युनिट वेळेत बंद पडेल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलचा उघडून तपासलेला रिव्ह्यू शोधा. नुसत्या ब्रँडवर जाऊ नका, एकाच कंपनीचे उत्तम आणि भिकार दोन्ही असतात. वॉरंटी पाच वर्षांची मिळाली तर बरं.

घरी साधा यूपीएस असेल तर लाइट गेल्यावर पीसी चालू राहतो का, ते गेम चालू असताना तपासून घ्या. काही युनिट्सचं आणि स्वस्त यूपीएसचं पटत नाही. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबल त्याला लावू नका. पिनांची मांडणी वेगळी असते, हार्ड डिस्क जळू शकते.